पॅसेजमधला चेंडू

दुपारचं जेवण आटोपलं, भांडी घासून झाली, की आमच्या पॅसेजमध्ये चेंडू वाजायचा. टक. जरा थांबून पुन्हा टक. मध्येच एकदा जास्त वेळ जायचा, तेव्हा तो चेंडू मांडीवर घासत असणार. मग पुन्हा टक. टेनिसच्या चेंडूवर वायरमनची काळी टेप घट्ट गुंडाळली की तो भिंतीवर असा कोरडा वाजतो. मला तो ताल पाठ होता, माझा रेहान शाळेत होता तेव्हापासून मी तो ऐकत आले होते. फरक एवढाच, की रेहानला जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

लोकांना वाटेल मी घाबरले. मला तर राग आला. जिवंत होता तेव्हा सांगून सांगून थकले होते, अरे मेल्या, खाली माणसं झोपतात, ती इजिप्तची बाई नातूरला वर पाठवते, एक दिवस आपल्याला बिल्डिंगमधून काढतील. नातूर म्हणजे आमचा वॉचमन, बांगलादेशी म्हातारा. बिचारा जिने चढून यायचा, दारात उभा राहून हसायचा आणि म्हणायचा, "मॅडम, बाबू को बोलो धीरे." बाबू ऐकतोय कशाला. 'मेल्या' म्हणायची माझी सवय कोकणातली, आमच्याकडे आया लाडानेच म्हणतात. आता तो शब्द तोंडाशी यायचा आणि मी गिळायचे.

चेंडू आपटून आपटून भिंतीवर ताटाएवढा काळपट डाग पडला होता. कमालनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, रेहान गेल्यावर रंग मारून घेतला. उन्हाळा संपायच्या आत डाग परत वर आला. रंगारी म्हणाला, ओल आहे. दोहात ओल. वर्षातून चार थेंब पडतात इथे, आणि म्हणे ओल. मी त्याच्याशी वाद घातला नाही, फक्त चहा दिला नाही.

आवाजाचं कमालना सांगितलं तर म्हणाले, एसीचा कॉम्प्रेसर असेल. माझी मुलगी जिक्रा कॉलेजातून आली की कानात इअरफोन घालून बसायची. तिला विचारलं, तुला येतो का गो आवाज? ती वर न बघता म्हणायची, "नो अम्मी, नथिंग." मग मी विचारायचं सोडलं. अल मुंतझाच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहत होतो आणि चौथा माझ्या एकटीच्या कानात होता.

रेहान माझा पहिला. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काही नसतं. सातवा लागला तसं कमालनी मला विमानात बसवून दिलं आणि मी दाभोळला आईकडे गेले. तिथल्या छोट्या दवाखान्यात रेहान झाला. आईने शेकशेगडी केली, डिंकाचे लाडू खाऊ घातले, चाळीस दिवसांचा चिल्ला पाळला. अंगावर पीत होता तेव्हाच मी त्याला घेऊन दोहाला परतले. पहिलं पाऊल त्याने इथे टाकलं, दुधाचा पहिला दात इथे पडला, पहिला मार शाळेत इथे खाल्ला. दाभोळ त्याला सुट्टीपुरतं माहीत. तिथे आठवडा झाला की माझा पदर ओढायचा, अम्मी, घरी कधी जायचं.

जिक्राच्या वेळी माझी आई राहिली नव्हती. भावजयीकडे कोण जाऊन पडणार? म्हणून जिक्रा इथेच झाली, दोहाच्या सरकारी हॉस्पिटलात. तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडले होते, की या पोरीचं नशीब बघा, ना शेक ना शेगडी, नर्स येऊन इंग्रजीत शाबासकी देऊन जाते. तेव्हा मला काय ठाऊक होतं.

रेहान डावखुरा फास्ट बोलर. शुक्रवारी सकाळी नजमा भागामागच्या मोकळ्या जागेत गाड्या काढून पोरं खेळायची, तिथपासून तो क्लबच्या मैदानापर्यंत पोहोचला. कतारच्या टीममध्ये खेळायचं, एवढं एकच वेड. घेतील हे सगळ्यांना दिसत होतं, कॅफेटेरियातला मल्याळी पण त्याला करक चहा देताना 'नॅशनल टीम' म्हणून हाक मारायचा. तेवढ्यात निवड कमिटीने नियम आणला. अकरा जणांत निम्म्याहून जास्त इथे जन्मलेले हवेत. उरलेल्या जागा बाहेरच्यांच्या, त्यातही एका देशाचे दोघांच्या वर नकोत. कमाल म्हणाले, नियमात वाईट काय आहे, नाहीतर सगळी टीम लाहोर आणि कोचीहून तयार होऊन आलेल्यांचीच व्हायची, इथल्या पोरांनी काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? मलाही पटलं असतं. पण आमचा रेहान इथल्या पोरांत धरेनात, कारण जन्म दाभोळचा. आणि बाहेरच्यांत हिंदुस्थानच्या दोन्ही जागा भरलेल्या, तिकडे मोठ्या मॅचेस खेळून आलेल्यांनी.

त्या दिवशी दुपारी घरी आला, बूट काढले आणि मला विचारलं, "अम्मी, तू तिकडे कशाला गेली होतीस?"

रागाने नाही विचारलं. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. मी म्हटलं, "सगळ्याच जातात रे." तो हं म्हणाला आणि पॅसेजमध्ये गेला. त्या दिवशी चेंडू दिवस मावळून मगरिब होईपर्यंत वाजत होता आणि खालच्या बाईने तक्रार केली नाही.

मग म्हणाला, जिथला म्हणतात तिथेच जाऊन खेळतो. दाभोळला मामाकडे राहिला. तिथे त्याला सगळे 'दुबईवाला' म्हणायचे. कोकणात कतार, कुवेत सगळं दुबईच. जिल्ह्याच्या निवडीला गेला तर विचारलं, शाळा कुठली, किती वर्षं राहतोस इथे? काय सांगणार? फोनवर हसत होता, "अम्मी, इधर भी फॉरेनर हूँ मैं." खेडहून दाभोळकडे येताना एका वळणावर ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. जन्मला त्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर त्याला दफन केलं. कमिटीचं म्हणणं खरं झालं, पोरगा शेवटी तिथलाच ठरला.

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. माझ्या मुलाची कबर मी पाहिलेली नाही. मला होती ती ही पॅसेजमधली भिंत.

गेल्या हिवाळ्यात जिक्राला कतारच्या बायकांच्या टीममध्ये घेतलं. ती लेगस्पिन टाकते. भावानेच शिकवली, याच पॅसेजमध्ये. बरी टाकते. पण खोटं कशाला बोलू, तिची मैत्रीण गार्गी तिच्याहून चांगली टाकते. गार्गीचा चेंडू टप्पा पडल्यावर असा वळतो, की समोरची मुलगी बॅट घेऊन बघतच राहते. तिला नाही घेतलं, बायकांच्या टीमलाही तोच नियम. ती नाशिकची, म्हणजे आजोळी नाशिकला जन्मली आणि दात यायच्या आधी इथे आली. तिची आई मालविका पण माझ्यासारखीच पहिल्या बाळंतपणाला आईकडे गेली होती. नियम कुणाचं आडनाव बघत नव्हता, एवढं मान्य करावं लागेल.

मला गार्गीचं वाईट वाटलं, पण ते वरवरचं. आतून मी हावरटासारखी झाले होते. मला त्या टीमची टोपी दिसत होती. रेहानला जी हवी होती तीच, मरून रंगाची. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की ती टोपी या घरात आली, त्याच्या डागावर टांगली, की त्याचा जीव निवेल. चेंडू थांबेल. पोरगा एकदाचा शांत झोपेल. आई म्हणून मला दुसरं काही नको होतं.

आणि ही पोरगी म्हणते, "अम्मी, आय डोन्ट वाँट इट."

"का? तोंड वर करून का नको ते सांग."

"जस्ट नको. गार्गी शुड प्ले."

"गार्गीला नाही बोलावलं. तुला बोलावलंय."

ती उठून आत गेली. मला वाटलं मैत्रिणीपायी चाललंय. मैत्रिणीसाठी भावाची टोपी सोडायला निघाली, असा मला संताप आला.

दोन दिवसांनी मालविका आणि गार्गी आल्या. ओल्ड एअरपोर्ट भागात राहतात त्या, आधी लांब दुखान गावात असायच्या, तेव्हा रेहानला त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मालविकाने जिक्रासाठी बेसनाचे लाडू आणले होते. मनाने मोठी बाई. स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभी राहून म्हणाली, "रिफतताई, खरं सांगू? मला माझ्या आईचा राग येतो हो. सारखं म्हणायची, पहिली खेप आहे, इकडेच ये. आणि मग वाटतं, तिने काय वाईट केलं? माझे पाय चेपून द्यायची रोज."

मी म्हटलं, "माझ्या आईने मला पाटावरून उठू दिलं नव्हतं." आणि आम्ही दोघी शेवयांच्या पातेल्याकडे बघत उभ्या राहिलो. कुणावर चिडायचं ते दोघींनाही कळत नव्हतं.

जिक्रा अजून यायची होती. गार्गी हॉलमध्ये एकटी बसलेली. मी ट्रे घेऊन बाहेर आले तर ती मान वाकडी करून पॅसेजकडे बघत होती.

"आंटी, आत कोण प्रॅक्टिस करतंय?"

 मी ट्रे खाली ठेवला.

"कोणी नाही. का गं?"

"मस्त रिदम आहे. लेफ्टी आहे ना? बघा, मध्ये थांबतो, बॉल पुसतो." मग माझ्या तोंडाकडे बघून ती उभीच राहिली. मालविका तिच्यामागून बाहेर आली आणि म्हणाली, मला तर काही येत नाहीये ऐकू. पॅसेज रिकामा होता, टोकाला वॉशिंग मशीन आणि भिंतीवर तो डाग. गार्गीने पुढे होऊन तो डाग पाहिला, हात लावायला गेली आणि लावला नाही. मग ती परत हॉलमध्ये जाऊन बसली. शेवया मात्र तिने संपवल्या, मला वाईट वाटू नये म्हणून.

 त्या गेल्या आणि मी पॅसेजमध्ये बसून रडले. एवढे दिवस मला आतून भीती होती, की डोकं फिरलंय माझं. आता दुसऱ्याच्या मुलीनेही ऐकलं होतं. म्हणजे तो होता. आणि होता, तर तडफडत होता. मेल्यावरही ज्याला चेंडू टाकत राहावं लागतं त्याला काय सुख असणार? माझा निश्चय पक्का झाला.

जिक्रा आल्या आल्या मी तिला धरलं. "तू खेळणार. ती टोपी घेऊन या घरात येणार. माझ्यासाठी नको, भाईसाठी ये."

"अम्मी, प्लीज. यू डोन्ट अंडरस्टँड."

"मला सगळं समजतं. तो टोपी मागतोय. तुला ऐकू येत नाही, म्हणून तुझं बरं चाललंय."

ती काहीतरी बोलणार होती. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "ओके. खलास. खेळते मी."

मॅचला मी आणि कमाल दोघं गेलो. सकाळची वेळ, थंडी होती, मी शाल घेऊन बसले. मॅचच्या आधी टोप्या दिल्या. टीमची कोच दक्षिण आफ्रिकेची, काळीसावळी, धिप्पाड बाई. जिक्राच्या डोक्यावर टोपी ठेवून तिने तिला काहीतरी हळूच सांगितलं. नंतर कठड्याजवळ आली तेव्हा मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, काय सांगितलंत? ती म्हणाली, "आमच्याकडे कातडीचा रंग मोजून जागा ठेवतात. आमच्या लोकांना पूर्वी मैदानात पाय ठेवू देत नव्हते, म्हणून. मी तशीच आत आले. कितीतरी वर्षं मला कळत नव्हतं, मला घेतलंय की माझ्या रंगाला. तुमच्या मुलीला म्हटलं, आज तो विचार करू नकोस, चेंडू टाक."

जिक्राने चेंडू टाकला. पहिल्या ओव्हरमध्ये मार खाल्ला, नंतर सावरली, एक विकेट पण मिळाली. लाउडस्पीकरवर बाई म्हणाली, जिक्रा, दोहात जन्मलेली, दोहात वाढलेली. कमालनी टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबून चष्मा पुसला. कठड्याला टेकून गार्गी उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती, हात वर करून, सगळ्यांना दिसतील अशा.

घरी आल्यावर मी हात धुवायच्या आधी खिळा ठोकला. डागाच्या बरोबर वर. टोपी टांगली, सुरे फातिहा पढले, म्हटलं, घे बाबा, आली तुझी टोपी, आता झोप. जिक्रा खोलीच्या दारातून बघत होती. ती पुढे आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासून मी खुर्ची घेऊन पॅसेजमध्ये बसले. चेंडू वाजला नाही. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, मी कमालना ऑफिसात फोन करून सांगितलं, आज कॉम्प्रेसर बंद आहे. ते म्हणाले, चांगलं झालं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वाजला नाही. त्या आठवड्यात वाजला नाही. मी भांडी भराभर उरकायला लागले. मग नळ बंद ठेवून कान देऊ लागले. टीव्ही बंद करून बसून राहिले. फ्रिजचा आवाज, रस्त्यावरच्या गाड्या, वरच्या मजल्यावरची खुर्ची, सगळं येत होतं, तेवढं एक सोडून. तेव्हा माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. दाभोळहून फोन आला होता, तेव्हाही घरात अशी शांतता नव्हती. कारण तेव्हा पाठोपाठ तो आवाज आला होता.

एका दुपारी जिक्रा लवकर आली. मी जमिनीवर बसले होते, डागाला कान लावून. ती माझ्या शेजारी बसली.

"आपला भाई गेला ना?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती मराठीत बोलत होती. माझी मुलगी दोन शब्दांच्या पुढे मराठी बोलत नाही.

"मला रोज ऐकू यायचं, अम्मी. पहिल्यापासून. मी इअरफोन घालायचे, पण त्यात गाणं नसायचं. मी त्याच आवाजावर झोपायचे दुपारची. तुला सांगितलं असतं तर तू मौलवींना बोलावलं असतंस, काहीतरी पढून घेतलं असतंस."

"मग टोपी नको म्हणत होतीस ते—"

"टोपी आली की भाई जाईल, म्हणून नको होती. गार्गी नंतर आली त्यात." ती रडायला लागली. "तो तडफडत नव्हता अम्मी. तो घरी होता. त्याला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं."

या अल्ला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. एका कमिटीने माझ्या मुलाला सांगितलं होतं, तू इथला नाहीस, जा. आता मी, त्याच्या आईने, खिळा ठोकून तेच सांगितलं होतं. तुझं काम झालं, झोप, जा. आणि तो कधी माझं ऐकायचा नाही, नेमकं हेच ऐकलं.

मी उठून टोपी काढली आणि जिक्राच्या हातात दिली. "ही तुझी आहे. तुझ्या बॅगेत ठेव. खेळ किंवा नको खेळूस, तुझं तू बघ. त्याच्या भिंतीवर नको." मग पक्कड आणून खिळा उपटला. त्याचा चेंडू वॉशिंग मशीनच्या वर डब्यात होता, टेप सुटत आलेली. दुपारी सगळे गेले की मीच तो भिंतीवर मारायला लागले. मला काय येतंय? एकदा मारला की दुसऱ्या खेपेला हातात येत नाही, हॉलमध्ये सोफ्याखाली जातो. गुडघे दुखतात वाकून. तरी मारत राहिले. म्हणत राहिले, ये रे, चुकलं माझं, ये. काही झालं नाही. पुढे पुढे हात भरून यायला लागले आणि मी चेंडू डब्यात ठेवून दिला.

रमजानच्या आधीचा शुक्रवार. मालविकाने आम्हाला तिघांनाही जेवायला बोलावलं होतं. सकाळीच गेलो, दुपारभर तिकडेच होतो, असरची नमाज तिथेच पढलो. घरी येऊन बुरखा काढते न काढते तोच बेल वाजली. दारात म्हातारा नातूर, जिने चढून धापा टाकत. संकोचून जमिनीकडे बघत होता.

"मॅडम, नीचेवाली मॅडम कंप्लेंट करती है. आज पूरा दोपहर ऊपर बॉल, बॉल, टक टक. कौन खेलता है?"

माझ्यामागे जिक्रा उभी होती. तिने माझा दंड धरला, नखं रुतली. आत डब्यावर झाकण होतं तसंच होतं. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं आणि त्या म्हाताऱ्याला काही कळत नव्हतं. मी ओढणीने तोंड पुसलं.

"मेरा बेटा है," मी म्हटलं. "यहीं का है."

त्याने जमिनीवरची नजर उचलून माझ्याकडे बघितलं. रेहानला त्याने दप्तर घेऊन जाताना पाहिलं होतं, आमचं घर माणसांनी भरलं त्या दिवशी खुर्च्याही त्यानेच वर आणल्या होत्या. मग त्याने मान हलवली.

"ठीक है, मॅडम," तो म्हणाला. "बाबू को बोलो धीरे."